निर्गुडीचा पाला, एका हातापुरता

निर्गुडी पाहायला म्हणून कुणी प्रवासाला निघत नाही. पुण्याहून सातारा-सांगलीकडे जाणारा माणूस देवाला जातो, लग्नाला जातो, नाहीतर बदलीच्या गावी जातो. निर्गुडी त्याला वाटेत ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला सारखी दिसत असते, आणि तो तिच्याकडे पाहत नाही. तीन किंवा पाच बोटांसारखी पानं, वरून काळपट हिरवी, खालून राखेसारखी पांढुरकी. चुरगाळली की उग्र वास येतो. शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला बरी. मी मात्र गेल्या वर्षी, भाद्रपद सरताना, तिच्यासाठीच अकरा दिवस फिरून आले.

मी पुण्यात औषधनिर्माणशास्त्र शिकवते आणि तीन वर्षं निर्गुडीच्या पानांवर काम करते आहे. काम ऐकायला फारसं बरं वाटत नाही. पांढऱ्या उंदराच्या मागच्या पायात एका समुद्री शेवाळाचं द्रावण टोचायचं. तीन तासांत पाय सुजतो. मग तो पाय पाऱ्याच्या नळीत बुडवून सूज मोजायची. अर्ध्या उंदरांना आधी पानांचा अर्क पाजलेला असतो, उरलेल्यांना नुसतं पाणी. दोन्हींत फरक किती पडतो ते पाहायचं. आमची अडचण अशी झाली की एका पोत्यातल्या पाल्याने सूज चांगली उतरली, आणि त्याच दुकानातून आणलेल्या दुसऱ्या पोत्यातल्या पाल्याने काहीच झालं नाही. आमचे सर म्हणाले, "बाजारातला पाला कुठला, कधी तोडलेला, कसा वाळवलेला, काही सांगता येत नाही. स्वतः जाऊन आणा. एक पाण्याच्या मुलखातला, एक कोरड्या मुलखातला."

हा बेत दोघींचा होता. माझी सहकारी नलिनी आणि मी नकाशा पुढे घेऊन गावं ठरवली होती. पण वैशाखात तिचं लग्न झालं आणि ती कॅनडाला गेली. नकाशा माझ्याकडे राहिला. त्यावर तिच्या अक्षरात पेन्सिलीने गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या होत्या.

लोणंद

लोणंदच्या स्टेशनावर गाडी बराच वेळ थांबली आणि डब्यात कांद्याचा वास घेऊन बाजारच्या बायका चढल्या. माझ्याशेजारी बसलेल्या म्हातारीने माझी पिशवी, माझा गळा, माझ्या चपला, सगळं पाहून घेतलं आणि संगं कोण आहे म्हणून विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर तिने पुन्हा विचारलं, जणू मला ऐकू आलं नसावं. पुढच्या अकरा दिवसांत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की मी उत्तर आधीच देऊ लागले. पुण्यात माझ्या खोलीवर मी एकटीच राहते आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. इकडे एकटी बाई दिसली की लोक तिच्या मागे पाहतात, कोण चालत येतंय ते.

म्हातारीने उतरताना दोन कांदे माझ्या पदरात टाकले. आभार मानायच्या आत ती गेलीसुद्धा.

रहिमतपूर

रहिमतपूरला आमच्या कॉलेजातल्या एका ओळखीने एका निवृत्त सुभेदारांच्या मळ्यावर माझी सोय झाली होती. चहूकडे ऊस, आणि पाटाच्या दोन्ही कडांना डोक्याइतकी वाढलेली निर्गुडी. सुभेदार उंच, मिशा पांढऱ्या, उजवा गुडघा सुजलेला. मला वाटलं, आयतंच उदाहरण मिळालं. पण पाल्याचं नाव काढताच ते हसले. फौजेत असताना डॉक्टर गोळी देत, ती घेतली की काम भागे, हा पाला बायकांचा धंदा, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं की त्या गोळीने जे होतं तेच या पानाने होतं का, हेच मी पाहते आहे. त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला आणि विषय उसाकडे नेला.

दोन दिवस मी पाला तोडला. सकाळी लवकर जायची. एका डहाळीचा नमुना वर्तमानपत्रात दाबून ठेवायची, तारीख, जागा, झाडाची उंची वहीत लिहायची, आणि बाकीचा पाला पोत्यात भरायची. जेवणाला ज्वारीची भाकरी, घेवड्याची उसळ, वर काकवीची वाटी. आमच्याकडे काकवी औषधासारखी चमच्याने खातात. सुभेदारांच्या घरी ती भाकरीवर ओतत होते. घरातली सगळी माणसं एका पंगतीला बसून मोठ्याने बोलत. मला मात्र पाहुणी म्हणून पाटावर वेगळं वाढत. मान होता तो, पण त्या पाटावरून सगळी पंगत फार लांब वाटायची.

निघताना सुभेदारांनी एक चिठ्ठी दिली. त्यांची बहीण अक्काताई कवठे महांकाळपासून चार मैलांवरच्या वाडीत दिलेली होती. "तिच्याकडं ऱ्हावा. आमचं मेव्हणं जरा ताठ हाईत, पर मानूस सरळ हाय," ते म्हणाले.

कवठे महांकाळ

मिरजेला मोठी गाडी सोडून छोट्या रुळांवरच्या गाडीत बसलं की मुलूख बदलतो. ऊस संपतो, विहिरी खोल जातात, माळावर दगड आणि त्यातून वर आलेली बाजरी. दुष्काळ संपून दुसरं वर्ष होतं. पीक उभं होतं, पण सडकेच्या कडेला फोडलेल्या खडीचे ढीग अजून तसेच पडलेले. दुष्काळी कामावर माणसांनी फोडलेली ती खडी. काही ढिगांवर गवत उगवलं होतं.

सुभेदारांनी आधीच निरोप धाडला होता, म्हणून अक्काताईंची बैलगाडी स्टेशनावर आली होती. त्या चाळिशीच्या, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. दोन मुलं फौजेत, धाकटी मुलगी सातवीत. घरात मला चांगली खोली दिली. वाढताना, उचलताना त्या उजवा हात वापरीत. डावा पदराखाली असे. मी ते पाहिलं, पण विचारलं नाही.

संध्याकाळी मी रहिमतपूरची पोती उघडली. तोंड सोडताच आतून वाफ आली. हात घातला तर पाला गरम लागला. दवात तोडलेला ओला पाला मी दाबून भरला होता आणि दोन दिवस तसाच ठेवला होता. तो आतल्या आत उकडून काळा पडला होता आणि आंबूस वास येत होता. दोन्ही पोती गेली होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी जे सांगते तेच मी विसरले होते. अक्काताई दारात उभ्या राहून पाहत होत्या. मला त्या क्षणी कुणीतरी रागावलं असतं तरी चाललं असतं.

ओढा

दुसऱ्या दिवशी मी वाडीखालच्या ओढ्यावर एकटीच गेले. तिथली निर्गुडी रहिमतपूरपेक्षा बुटकी, पानं अरुंद आणि वास दुप्पट. मी वरची फांदी ओढत होते, पायाखालचा दगड निसटला आणि डावा पाय घोट्यात मुरगळून मी ओढ्यात बसले. उठता येईना. घोटा डोळ्यांदेखत फुगत गेला. तीन वर्षांत मी शेकडो पाय असे फुगताना पाहिले होते आणि त्यांची सूज आकड्यांत लिहिली होती. दुखतं किती, ते त्या दिवशी कळलं.

हाका मारल्या. वरच्या अंगाला जळण गोळा करणारी एक बाई खाली आली. पन्नाशीची, किरकोळ अंगाची, नऊवारीचा काचा मारलेली. तिने माझा पाय मांडीवर घेतला, बोटांनी दाबून पाहिला आणि हाड शाबूत आहे म्हणाली. मग निर्गुडीची दोन मूठ पानं ओरबाडून पदरात टाकली आणि मला धरून उठवलं. तिचं घर ओढ्याच्या काठालाच होतं, वाडीपासून बाजूला. तिचं नाव तानूबाई.

घर एका खोलीचं, शेणाने सारवलेलं. भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याला निळ्या कागदाची माळ. छप्पन साली तिच्या नवऱ्याने आणि दिराने धर्म बदलला, तेव्हापासूनचं ते चित्र. नवरा वारला होता. मुलगा अंबरनाथला कारखान्यात होता, दिवाळीला येत असे. तानूबाईने मडक्यात थोडं पाणी घेऊन पाला घातला, मडक्याचं तोंड परातीने झाकलं आणि कडेला ओली कणीक लावून बंद केलं.

मी विचारलं, कणीक कशाला?

"वास ग्येला की गुन ग्येला," ती म्हणाली. "उघड्यावर शिजवलेला पाला आन् नुसता चारा, सारखंच."

आम्ही प्रयोगशाळेत पाला उन्हात खडखडीत वाळवून मग उघड्या भांड्यात तासभर उकळत होतो.

पाला बांधून झाल्यावर तिने चहा केला आणि कप माझ्यापुढे ठेवला. इथे मला एक गोष्ट लिहायलाच हवी. माझा हात लगेच पुढे झाला नाही. क्षणभरच थांबला असेल. मी शिकलेली, जातपात न मानणारी, सभेत तसं बोललेलीसुद्धा. पण लहानपणी घरात जे पाहिलं होतं ते त्या एका क्षणात हातापाशी आलं. तानूबाईने ते पाहिलं. तिने कप उचलला नाही, तोंड फिरवलं नाही. दुसरीकडे पाहत चुलीतलं जळण सारू लागली, मला वेळ द्यावा तशी. मी चहा प्यायले. तो फार गोड होता आणि मला मान वर करता येत नव्हती.

तासाभराने, वाडीत बातमी पोचली असावी, अक्काताईंचे यजमान बैलगाडी घेऊन आले. ते अंगणाबाहेरच उभे राहिले आणि मला न्यायला आलोय म्हणाले. पाय टेकता येत नव्हता हे खरं, पण गाडीत घालून नेलं असतं तर जाता आलं असतं. मी म्हटलं, पाय उतरेपर्यंत मी इथेच राहते, पाल्याचं कामही इथेच आहे. "तुमची मर्जी," एवढंच ते म्हणाले. दुपारी गड्याने माझी पिशवी, वही आणि दाबलेल्या डहाळ्यांचा गठ्ठा आणून वाटेच्या कडेला ठेवला. अंगणात आला नाही. तानूबाई जाऊन सगळं घेऊन आली.

चार दिवस

चार दिवस मी त्या घरात राहिले. सकाळी हुलग्याचं पातळ, गरम माडगं, दुपारी बाजरीची भाकरी आणि शेंगांची चटणी. पुण्यात हुलगे बैलाला घालतात असं मी ऐकलं होतं. इथे ते माणसाला आधी. तानूबाईचं माहेर अथणीकडचं. तिची आई कानडी, निर्गुडीला लक्की म्हणायची. पाल्याचं सगळं आईकडून आलेलं. फूल यायच्या आधी तोडायचा. दव उतरल्यावर तोडायचा. उन्हाला दाखवायचा नाही, सावलीत पसरून रोज उलटायचा. ज्वारीच्या कणगीतही तोच पाला घालायचा, म्हणजे कीड लागत नाही. ती पाला तोडून आणायची, मी एका जागी बसून पसरायची, उलटायची, वहीत लिहायची. दोघी फार बोलत नसू. तिलाही बोलायची सवय राहिली नव्हती. वाडी समोर दिसत होती, पण तिकडून कुणी आलं नाही. त्या घराला रोज दिसणारी आणि कधीच न येणारी माणसं होती.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, हा पाला उपयोगी पडतो हे तुला आईने सांगितलं म्हणून ठाऊक, की स्वतः पाहिलंस?

तिने दुष्काळातली गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी सगळी वाडी खडी फोडायला सडकेवर होती. शेतकरी, गडी, पाटलाच्या घरच्यासुद्धा. खायला रेशनवरची तांबडी परदेशी ज्वारी, मिलो, आणि कामावर मिळणारा सुकडीचा खाऊ. डाव्या हाताने दगड धरायचा, उजव्याने हातोडा मारायचा. महिन्याभरात बायकांचे दोन्ही हात मनगटापासून सुजले. तेव्हा तानूबाईने पाला बांधायला सुरुवात केली. आधी आपल्यातल्या बायकांना, मग बघता बघता सगळ्या येऊ लागल्या. दुपारच्या सुट्टीत ओळ लागायची. पण ओढा आटला होता, पाला पुरेना.

"मग म्या ठरीवलं, एकीला एकच हात. हातोड्याचा. दुसरा तसाच."

मी वही बाजूला ठेवली. मग काय झालं, विचारलं.

"बांधल्याला उतरायचा धा-बारा दिसात. दुसरा फुगल्यालाच. रोज बघत हुते की. साठ-सत्तर बायका."

एकाच माणसाचा एक हात औषधाचा आणि एक बिनऔषधाचा, तोच दगड, तेच ऊन. याहून चांगला प्रयोग मला आखता आला नसता. मी तिला तसं सांगितलं, आणि माझ्या उंदरांचंही सांगितलं. अर्ध्यांना अर्क, अर्ध्यांना पाणी.

ती बराच वेळ पाला उलटत राहिली. मग म्हणाली, "तुमी ठरवून ठ्येवता तसं. माज्याकडं पालाच न्हवता."

पाऊस पडला, काम बंद झालं, तेव्हा बायका यायच्या बंद झाल्या का, हे मी विचारलं नाही. ते दिसतच होतं.

चौथ्या दिवशी, ऊन कलल्यावर, अक्काताई आल्या. एकट्या. अंगणाच्या कडेला थांबल्या आणि मला पाय कसा आहे म्हणून विचारलं. बरा आहे म्हटलं. तरी त्या गेल्या नाहीत. तानूबाई दारात आली. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. सडकेवर आठ महिने शेजारी बसून खडी फोडली होती, हे मला नंतर समजलं. तानूबाईने गोणपाट झटकून अंगणात टाकलं. अक्काताईंनी मागे वाडीकडे एकदा पाहिलं आणि खाली बसल्या. पदराखालून हात काढला. मनगट जाड, बोटं अर्धीच मिटत होती.

"डावा ऱ्हायलाच की गं तानू," त्या म्हणाल्या.

तानूबाईने हात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. "दोन वरसं," ती म्हणाली. "दोन वरसं कुटं हुतीस?"

अक्काताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही त्यांनी पुसलं नाही, कारण एक हात तानूबाईच्या हातात होता आणि दुसऱ्याने त्यांनी गोणपाट घट्ट धरलं होतं. तानूबाई आत जाऊन मडकं चुलीवर ठेवून आली. मी पाल्याजवळ बसून होते. मला उठून कुठे तरी जावंसं वाटत होतं, पण पायामुळे जाता येत नव्हतं. त्या दोघींच्या मधे काहीतरी होतं आणि त्यात माझी जागा नव्हती. जगात आपल्याला असं रागाने "कुठे होतीस" म्हणून विचारणारं कोण आहे, याचा मी विचार केला. कुणी आठवलं नाही.

त्या हाताचं पुढे काय झालं म्हणून वाचक विचारतील. दोन वर्षांचा आखडलेला हात एका पाल्याने मोकळा होत नाही, आणि मी तसं लिहिणारही नाही. पण पुढच्या दिवशी सकाळी त्या पुन्हा आल्या, आणि या वेळी अंगणाच्या कडेला थांबल्या नाहीत.

परत

चार पोती सावलीत वाळलेला, हलका, हिरवा पाला घेऊन मी छोट्या गाडीने मिरजेला आणि तिथून पुण्याला आले. काय द्यायचं म्हणून तानूबाईला विचारलं तर ती म्हणाली, पाल्याने काय केलं तेवढं कळवा. वाटेत कुणी संगं कोण आहे असं विचारलं नाही. बहुधा मीच कुणाकडे पाहिलं नसेल.

पुण्यात सरांना सांगून पद्धत बदलली. पाला उन्हात नेला नाही, भांडं बंद ठेवलं, वाफ थंड करून परत आत घेतली. सूज उतरली. दुसऱ्यांदाही उतरली, तिसऱ्यांदाही. तोच पाला मुद्दाम उन्हात ठेवून, उघडा उकळून पाहिला, तेव्हा जवळजवळ काही झालं नाही. सर खूश झाले. प्रबंधात पाल्याचं ठिकाण लिहायचं असतं, गाव आणि तालुका. ते लिहिलं. बंद भांडं आणि सावली कुणी शिकवली हे लिहायला रकाना नव्हता. मी ते आभारात घातलं, आणि सरांनी वाचून तसंच राहू दिलं.

तानूबाईला मी सोप्या शब्दांत पत्र लिहिलं. तिला वाचता येत नाही हे ठाऊक होतं, कुणीतरी वाचून दाखवील या भरवशावर.

महिन्याने कार्ड आलं. अक्षर अक्काताईंच्या सातवीतल्या मुलीचं, खाली तानूबाईचा अंगठा. लिहिलं होतं: "पत्र अक्काने लेकीकडून वाचून घेतलं, आमी दोघींनी ऐकलं. उंदरांना गुण आला ते बरं झालं. ज्यांना नुसतं पाणी दिलं त्यांनाबी मागनं द्या. पाय जपा. पाला लागला तर आधी कळवा, दोघी मिळून वाळवू."

प्रयोगशाळेत त्या वेळी कुणी नव्हतं. कार्ड दोनदा वाचलं. कुणाला तरी वाचून दाखवावंसं वाटलं. शिपाई कुलूप घेऊन दारात येऊन उभा होता, त्याला थांबवून मी ते मोठ्याने वाचलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण तुमच्या या?"

मी कार्ड वहीत ठेवलं.

"माझा पाय सुजला होता," मी म्हटलं, "तेव्हा मी त्यांच्याकडे होते."